आप्पा ढोंगी आहेत का?

"मॅडम, आप्पांशी राजकारणावर बोलणंच सोडलं मी. ते ढोंगी आहेत का, एवढं सांगा." परभणीकडची, एम.ए. करणारी मुलगी; आप्पा म्हणजे तिचे वडील. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.) निवडणुका आल्या की हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरीच लेकरं येतात.

तिची तक्रार खोटी नव्हती. दुसऱ्याला अनुदान मिळालं की आप्पा 'फुकटं' म्हणतात, आणि स्वतःचा पीएम किसानचा 2000 चा हप्ता अडकला की बँकेत चकरा मारतात. लेकीला घरची लक्ष्मी म्हणतात, पण सख्ख्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. हेच आप्पा मेहुण्याच्या आजारपणात बैलजोडी विकून दवाखान्यात पैसे भरून आले होते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांची मांडणी इथं मला उपयोगी पडते. दुसऱ्याची काळजी, न्याय, आपल्या माणसांशी निष्ठा, वडीलधाऱ्यांचा मान आणि पावित्र्य अशा पाच पायांवर माणसाची नीती उभी असते. पुरोगामी माणूस पहिल्या दोहोंवर जास्त भर देतो, परंपरा मानणारा पाचही धरून चालतो. त्याचा न्यायही बहुधा 'ज्याचे कष्ट, त्याचं फळ' असा असतो. आप्पांना स्वतःचे कष्ट दिसतात, दुसऱ्याचे दिसत नाहीत. हे ढोंग नाही. पण अन्याय आहेच, आणि तेही मी तिला स्पष्ट सांगितलं. 2005 पासून देशभर हिंदू कुटुंबातल्या लेकीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. दिवाळीची साडीचोळी म्हणजे वाटा नव्हे.

"भांडू नको," म्हटलं, "आत्यानं वाटा मागितला असता तर काय केलं असतं, एवढंच विचार."

रात्री ओसरीवर आप्पा सुपारी कातरत होते, तेव्हा तिनं विचारलं. अडकित्ता थांबला.

"दिला असता. पण तिनं मागू नये असं वाटायचं."

"कामून?"

"मागितलं की भाऊ राहत नाही बाई, वाटेकरी होतो."

मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी उलट विचारलं, "तुला पाहिजे का वाटा?"

पुढच्या भेटीत हे सांगताना तिचे डोळे भरून आले. "मला बोलताच आलं नाही, मॅडम. समानतेवर भाषणं देते मी, पण हो म्हटलं तर माहेर तुटंल, असं वाटलं."

आता आम्ही त्या भीतीवर बोलतोय. आप्पांचा विषय तिनं त्यानंतर काढलेला नाही.