मार्शल प्लॅनचे (म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप सावरायला अमेरिकेने दिलेल्या मदतीचे) पैसे जर्मनीने अमेरिकेला परत केले का?

हो केले, पण सगळे नाही, आणि बाकीच्या देशांना तर बहुतेक मदत फुकटच मिळाली होती. पश्चिम जर्मनीला साधारण १.४ अब्ज डॉलर मिळाले, १९५३ च्या लंडन करारात युद्धानंतरच्या मदतीचं देणं बरंच कमी करून दिलं आणि शेवटचा हप्ता १९७१ ला फिटला. खरी गंमत आतल्या व्यवहारात आहे, म्हणजे अमेरिकेतून कापसाच्या गाठी यायच्या, डॉलर अमेरिका भरायची पण गिरणीवाल्याला त्याचे मार्क (जर्मनीचं तेव्हाचं चलन) मोजावेच लागायचे, ते एका फंडात जमा व्हायचे आणि केएफडब्ल्यू ही जर्मनीची सरकारी बँक तेच पुन्हा कर्जाने फिरवायची, तो फंड अजून चालू आहे. फक्त हे पश्चिम जर्मनीपुरतं हां, पूर्वेकडे रशियाने उलट कारखान्यांतल्या मशिनी उचलून नेल्या.