‘गांजाने मेंदू जळतो’ हे वाक्य आधी सोडा

किशोरवयीन मुलांचं समुपदेशन नव्याने सुरू करताय, तर ‘पेशी मरतात’ वगैरे धमक्या नकोत. पोराने मोबाइलवर आधीच शोधलेलं असतं. तिथेच तुमची पत जाते. खरं तेच सांगा. मेंदूची बांधणी साधारण २५ व्या वर्षापर्यंत चालते आणि कपाळामागचा, मनाला आवर घालणारा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो. या वयात नको त्या जोडण्या छाटल्या जातात. त्या कामात शरीराचीच गांजासारखी रसायनं असतात. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, नेमकं त्यांच्या जागी जाऊन बसतं, आणि जास्त वेळ ठाण मांडतं.

बुद्ध्यांकाचा मुद्दा जपून वापरा. न्यूझीलंडच्या डनेडिन अभ्यासात (२०१२) किशोरवयापासून सतत ओढणाऱ्यांत ८ गुणांपर्यंत घट दिसली. जुळ्यांच्या अभ्यासांनी मात्र कारण गांजाच का, अशी शंका घेतली.

‘घेतोस का?’ विचारू नका. ‘आठवड्यात किती दिवस? पहिला झुरका किती वाजता?’ असं विचारा. शाळेआधी ओढत असेल तर प्रकरण पुढे गेलंय. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) होता का, हे पालकांना वेगळं बसवून विचारा. असेल तर गांजाने तसा आजार उद्भवण्याचा धोका जास्त, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच.

सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, भूक मरते. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोनेक आठवड्यांत बरंच निवळतं. पालकांना हे आधीच सांगून ठेवा. आणि टीएचसी चरबीत साठतं, त्यामुळे रोज ओढणाऱ्याची लघवीची तपासणी सोडल्यानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावरून त्याला खोटारडा ठरवू नका.