आईस हॉकीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दोन संघांचे गुण सारखे झाले तर पुढे कोण जातं? नेट रनरेटसारखं काही असतं का? आणि भारत तिथे का दिसत नाही?

नेट रनरेटसारखं काही नसतं, आणि नाही तेच बरं आहे.

दोन संघांचे गुण सारखे झाले की आधी एकच गोष्ट बघतात : त्या दोघांच्या आपसातल्या सामन्यात कोण जिंकलं? जो जिंकला तो वर, विषय संपला. बाकीच्यांना कोणी किती गोल मारले हे त्या क्षणी कोणी विचारत नाही. नेट रनरेट हाच सगळ्यात शास्त्रीय उपाय आहे असं क्रिकेटवाले छातीठोकपणे सांगतात. त्यांच्याशी माझा हा वाद जुना आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण आकड्यांसकट मांडतो.

२०२१ची स्पर्धा, लाटव्हियाची राजधानी रिगा. १६ संघ, आठ-आठचे दोन गट, प्रत्येकाचे ७ सामने आणि प्रत्येक गटातले पहिले चार उपांत्यपूर्व फेरीत. सामन्याच्या ठरलेल्या ६० मिनिटांत जिंकलात तर ३ गुण. बरोबरी झाली तर ओव्हरटाइम (जादा वेळ), आणि तरीही निकाल नाही लागला तर शूटआऊट (एकेक खेळाडू थेट गोलकीपरसमोर); तिथे जिंकलात तर २, हरलात तर १. ६० मिनिटांतच हरलात तर शून्य. म्हणजे सामना कसाही संपला तरी त्यातून तीनच गुण वाटले जातात. आठ संघांच्या गटात २८ सामने, म्हणून तक्त्याची बेरीज ८४च यायला हवी. तक्ता हाताने मांडत असाल तर आधी ही बेरीज करून बघा. ८३ आली तर कुठेतरी शूटआऊटमध्ये हरलेल्याचा एक गुण लिहायचा राहिलाय.

कॅनडा 'ब' गटात होता. पहिले तीन सामने हरला : लाटव्हियाकडून ०-२, अमेरिकेकडून १-५, जर्मनीकडून १-३. मग नॉर्वेला ४-२, कझाकस्तानला ४-२ आणि इटलीला ७-१ हरवलं. शेवटच्या सामन्यात फिनलंडशी शूटआऊटमध्ये २-३ हार. एकूण १० गुण. कझाकस्तानचेही १०च.

आता एकूण गोल बघा. कझाकस्तानने मारले २२, खाल्ले १८, म्हणजे अधिक ४. कॅनडाने मारले १९, खाल्ले १८, म्हणजे अधिक १. एकूण गोलफरक लावला असता तर कझाकस्तान पुढे आणि कॅनडा घरी. पण त्या २२ गोलांपैकी ११ एकट्या इटलीविरुद्धच्या ११-३ सामन्यातले होते, आणि इटली सातही सामने हरून शून्य गुणांवर राहिली. दुबळ्या संघाला किती झोडपलं यावरून दोन तुल्यबळ संघांचा निकाल का लावायचा? हे दोघे समोरासमोर आले तेव्हा कॅनडा ४-२ जिंकला होता. कॅनडा वर.

तरीही गटातला शेवटचा सामना, जर्मनी विरुद्ध लाटव्हिया, बाकी होता. दोघांचेही ९-९ गुण होते; अमेरिका आणि फिनलंड या सगळ्यांच्या पुढे होते. इथे बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून सावकाश वाचा.

६० मिनिटांत कोणीही जिंकलं तर जिंकणारा १२ वर, हरणारा ९ वर, आणि कॅनडा चौथा. पण ६० मिनिटांनंतर बरोबरी झाली असती तर दोघांना किमान एकेक गुण मिळून दोघेही किमान १० वर गेले असते, आणि मग तीन संघ १० गुणांवर अडकले असते. अशा वेळी त्या तिघांमधलेच सामने काढून छोटा तक्ता मांडायचा : आधी त्यातले गुण, मग त्यातला गोलफरक, मग त्यातले गोल. बाहेरचे सामने धरायचे नाहीत.

जर्मनी ओव्हरटाइममध्ये जिंकली असती तर तिचे ११, आणि १० वर लाटव्हिया, कॅनडा, कझाकस्तान. लाटव्हियाने कॅनडाला हरवलेलं (३) आणि कझाकस्तानकडून शूटआऊटमध्ये हरलेला (१), म्हणून ४. कॅनडाचे ३, कझाकस्तानचे २. लाटव्हिया पुढे.

लाटव्हिया ओव्हरटाइममध्ये जिंकला असता तर १० वर जर्मनी, कॅनडा, कझाकस्तान. कॅनडाने कझाकस्तानला, कझाकस्तानने जर्मनीला (३-२), जर्मनीने कॅनडाला हरवलेलं; तिघांचे ३-३. गोलफरक : जर्मनी अधिक १, कॅनडा ०, कझाकस्तान उणे १. जर्मनी पुढे.

थोडक्यात, ६० मिनिटांची बरोबरी झाली की जर्मनी आणि लाटव्हिया दोघेही आत, कॅनडा दोन्ही बाजूंनी बाहेर. आघाडीवर असलेल्या जर्मनीने बरोबरीचा गोल खाल्ला असता तरी तिचं काहीच बिघडत नव्हतं. तरी ती बचाव करत राहिली, सामना ६० मिनिटांतच २-१ जिंकली, आणि कॅनडा आत आला. मला या खेळाबद्दल आदर वाटतो तो अशा संध्याकाळींमुळे.

पुढे कॅनडाने रशियन खेळाडूंच्या संघाला ओव्हरटाइममध्ये २-१, अमेरिकेला ४-२ आणि अंतिम सामन्यात फिनलंडला ओव्हरटाइममध्ये ३-२ हरवलं. निर्णायक गोल निक पॉलचा. (गटात ओव्हरटाइम ५ मिनिटांचा, बाद फेरीत १० मिनिटांचा, मग शूटआऊट, सुवर्णपदकाच्या सामन्यात मात्र शूटआऊट नाही, गोल होईपर्यंत २०-२० मिनिटं. सगळीकडे गोलकीपर सोडून तीन विरुद्ध तीन.) तीन सामने हरलेला संघ विजेता कसा, असं विचारणाऱ्यांनी वरचा तक्ता पुन्हा बघावा. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होते.

आता क्रिकेटचा २०१९चा विश्वचषक आठवा. न्यूझीलंड आणि पाकिस्तान, दोघांचे ११ गुण, दोघांचे ५-५ विजय. आपसातला सामना पाकिस्तानने एजबॅस्टनला ६ गडी राखून जिंकला होता. तरी उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेला, कारण पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडीजने पाकिस्तानला १०५ धावांत गुंडाळून त्यांचा रनरेट बुडवला होता. मग त्याच न्यूझीलंडने मँचेस्टरला आपल्याला १८ धावांनी हरवलं. पाकिस्तानबद्दल मला काही प्रेम नाही, पण एका वाईट दुपारची शिक्षा समोरासमोरच्या विजयापेक्षा जड ठरावी हे मला मुळीच मान्य नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो : दोघांनाही बरोबरी सोयीची ठरावी असा प्रसंग याच नियमांमुळे उभा राहतो, आणि प्रत्येक वेळी समोरचे संघ जर्मनी-लाटव्हियासारखे वागतीलच असं नाही. आणि पावसाने आपसातला सामनाच वाहून गेला तर क्रिकेटला दुसरा निकष लागणारच. पण तो दुसराच असावा, पहिला नव्हे.

भारताचं : आपण १९८९पासून आंतरराष्ट्रीय महासंघाचे सदस्य आहोत, पण वरच्या १६ संघांखाली श्रेण्यांची लांब शिडी आहे आणि आपण तिच्यावर नाही, आपले संघ आशियाई स्पर्धा खेळतात. २०२५मध्ये महिला संघाने संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं, आणि त्या बहुतेक मुली लडाखच्या. तिथला नैसर्गिक बर्फ दोनेक महिने टिकतो. देहरादूनला २०११मध्ये बांधलेलं मोठं बंदिस्त रिंक (कृत्रिम बर्फाचं मैदान) कित्येक वर्षं बंदच पडून होतं.