विसरण, परासरण की वहन?

नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकला की मीठ-साखरेच्या पाण्याची पत्रकं वाटली जातात. अशाच एका पत्रकात ‘हे पाणी परासरणाने रक्तात जाते’ असं छापलं होतं. धरमपेठेतल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांचा मुलगा म्हणतो, इथे ‘विसरण’ पाहिजे. मग बरोबर कोण?

आधी एक गंमत. विसरण आणि आपलं रोजचं विसरणं यांचं काही नातं नाही. विसरणं आलं ‘विस्मृ’पासून, विसरण म्हणजे वि + सृ. सृ म्हणजे सरणं, पुढे जाणं. ‘पसरणं’ही त्याच सृचं. म्हणून दाटीतून विरळ जागेकडे पसरत जाणं म्हणजे विसरण, मधे पडदा असो वा नसो. उदबत्तीचा वास खोलीभर होतो ते विसरण. ऑक्सिजन पेशीपटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पडद्याच्या, मेदथरातून थेट आत शिरतो, तेही विसरणच.

परासरण मात्र द्रावकाचं, म्हणजे आपल्या शरीरात पाण्याचंच. निवडक्षम पटल, म्हणजे काहींना जाऊ देणारा आणि काहींना अडवणारा पडदा, मधे हवं आणि पाणी जायला हवं कमी संहतीच्या (विरळ) द्रावणाकडून जास्त संहतीच्या (दाट) द्रावणाकडे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, ते हेच.

म्हणजे पत्रक फक्त पाण्यापुरतं खरं. आतड्यात साखरेचं आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम दोन्ही मेदथरातून आपसूक जात नाहीत. पटलातलं एक प्रथिन त्यांना जोडीनं आत घेतं, एका ग्लुकोजमागे दोन सोडियम. हे चालतं कारण पेशीच्या दुसऱ्या बाजूला एक पंप ऊर्जा खर्चून सोडियम सतत बाहेर काढतो, दर फेरीत तीन बाहेर आणि पोटॅशियमचे दोन आत. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांनी १९५७ साली दाखवला. १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

इथे ‘सरण’ चालत नाही. सरणारा आपला आपण सरतो. इथे कोणीतरी नेतंय. म्हणून शब्द ‘वहन’, आणि ऊर्जा लागते म्हणून ‘सक्रिय वहन’. (पुस्तकांतला ‘निष्क्रिय वहन’ मला कधीच पटला नाही. कोणी वाहतच नसेल तर वहन कसलं?)

तेव्हा मुलाचं विसरणही इथे लागू नाही. मी पत्रकात असं लिहिलं असतं: ‘आतड्याच्या पेशी मीठ-साखर आत ओढून घेतात आणि त्यांच्यामागून पाणी जाते.’ शिवाय प्रमाण ठळक छापलं असतं: १ लिटर पाण्याला ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर फार झाली तर परासरण उलटं होतं, रक्तातलं पाणी आतड्यात येतं आणि जुलाब वाढतात.