स्कॉटलंडच्या डोंगरात हरवलेल्या माणसाला स्वयंसेवक कसे शोधतात?

आपला भाचा ग्लासगोला शिकायला गेल्यापासून आपण तिकडच्या बातम्या वाचता, आणि डोंगरात एकटा गेलेला एक पदभ्रमणकर्ता हरवला असून स्वयंसेवक त्याचा शोध घेत आहेत, अशी बातमी वाचून आपण तीन प्रश्न विचारले आहेत: हे स्वयंसेवक कोण असतात, आसपासची सगळी माणसे गोळा करून डोंगर पिंजून का काढत नाहीत, आणि असा शोध किती दिवस चालतो. मी ॲबरडीनच्या पश्चिमेला, केर्नगॉर्म डोंगरांच्या बाजूला राहतो, पोटासाठी इंजिनीअरची नोकरी करतो आणि गेली सहा वर्षे एका बचाव पथकात आहे, म्हणून जमेल तितके सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. स्कॉटलंडमध्ये जमिनीवर हरवलेल्या माणसाच्या शोधाची जबाबदारी पोलिसांची असते. 999 हा आणीबाणीचा क्रमांक लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरी बचाव पथक, मागायचे असते. पोलिसांनी हाक दिल्यावर डोंगरात जाणारी बहुतेक पथके मात्र त्या त्या भागातल्या स्वयंसेवकांची आहेत. त्यांत शिक्षक असतात, सुतार असतात, डॉक्टर आणि हॉटेलवाले असतात, मोठ्या जमीनदारांची राने राखणारे नोकरही असतात. कोणालाही पगार मिळत नाही आणि सुटका झालेल्या माणसाला बिल पाठवले जात नाही; देणग्या आणि काही सरकारी अनुदान यांवर हा कारभार चालतो. दुसऱ्या महायुद्धात विमाने डोंगरांवर आदळू लागली तेव्हा ब्रिटिश हवाई दलाने 1943 मध्ये आपली डोंगरी बचाव पथके उभारली, आणि पुढे गिर्यारोहकांनी गावोगावी स्वतःची पथके बांधली. ग्लेनको या डोंगरी खोऱ्यातले पथक 1961 मध्ये गिर्यारोहक हॅमिश मॅकिनिस यांनी सुरू केले. घडी घालून पाठीवर नेता येईल असे स्ट्रेचर त्यांनीच तयार केले आणि 1965 मध्ये शोधकुत्र्यांची संघटनाही त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली.

शोधाची सुरुवात बहुधा एखाद्या गाडीतळावरून होते. संध्याकाळी सगळ्या गाड्या गेल्या, एक उरली, तिच्या काचेवर बर्फ धरू लागले, आणि कोणीतरी पोलिसांना कळवले. किंवा मुक्कामाच्या घरमालकिणीने रात्री जेवणाचे ताट झाकून ठेवले आणि पाहुणा आलाच नाही. यानंतरचे दोन तास बाहेरून पाहणाऱ्याला निष्क्रियतेचे वाटतात, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचे तेच असतात. माणसाने कोणते बूट घातले होते, जाकिटाचा रंग कोणता, विजेरी होती का, नकाशा कागदी होता की फोनमध्ये, अडचण आली की तो मागे फिरणारा आहे की पुढे रेटणारा, हे सारे घरच्यांना विचारले जाते. त्याच्या फोनवर एक दुवा पाठवला जातो. तो त्याने उघडला तर त्याचे ठिकाण आम्हाला नकाशावर दिसते, परंतु इथल्या अनेक खोऱ्यांत फोनला रेंजच नसते. शिवाय तो हरवलेलाच नाही, ही शक्यताही तपासावी लागते. धुक्यात चुकीच्या बाजूला उतरून पलीकडच्या खोऱ्यातल्या रस्त्याला लागायचे, कोणाच्या तरी गाडीतून मुक्कामी पोहोचायचे आणि आपली गाडी उद्या आणू म्हणून झोपी जायचे, असे करणारी माणसे असतात, आणि त्या रात्री तीस जण त्यांच्यासाठी भिजत असतात. भाच्याला एवढे जरूर सांगा: निघताना वाट कोणाला तरी लिहून द्यावी आणि उतरल्यावर, कुठेही उतरला तरी, फोन करावा.

नावांचाही एक घोळ असतो. इथल्या डोंगरांची नावे गेलिक भाषेतली आहेत आणि ती आपल्याकडच्या ‘काळा कडा’ किंवा ‘मोठा डोंगर’ यांसारखीच साधी वर्णने आहेत. ‘बेन मोर’ म्हणजे मोठा डोंगर; या नावाचा एक डोंगर क्रीअनलारिकजवळ, एक मल बेटावर आणि एक असिंटमध्ये आहे. त्यामुळे ‘तो बेन मोरला जातो म्हणाला होता’ या वाक्यावर कोणी धावत सुटत नाही. पथकात नकाशाच्या चौकटीचे आकडे बोलले जातात.

त्यानंतर हिशेब मांडला जातो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला, तो आजही उपयोगी पडतो: सपाटीवर साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. माणूस कधी निघाला, अंधार कधी पडला, वारा कोणत्या दिशेचा होता, यांवरून तो कुठवर पोहोचला असेल याचा अंदाज येतो. डिसेंबरच्या मध्यावर इन्व्हर्नेसच्या आसपास दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो, म्हणून पुष्कळदा उत्तर असे निघते की अंधाराने त्याला पठारावरच गाठले असणार. वाऱ्याकडे तोंड करून चालणे असह्य झाले की माणूस नकळत वाऱ्याला पाठ देत सरकतो आणि उताराच्या मोहाने नको त्या घळीत शिरतो, हेही त्या हिशेबात धरलेले असते.

पहिल्या तुकड्या हलक्या सामानानिशी जलद निघतात आणि जिथे माणूस सापडण्याचा संभव अधिक, तिथेच जातात: पायवाटा, ओढ्यांचे काठ, कड्यांचे पायथे, आणि बॉथी नावाची डोंगरातली, कुलूप नसलेली निवाराघरे. दर काही अंतरावर सगळे एकदम शिट्टी वाजवतात आणि मग निःशब्द उभे राहून ऐकतात. संकटाची खूण मिनिटाला सहा शिट्ट्या आणि मग एक मिनिट शांतता, तर उत्तर तीन शिट्ट्यांचे असते. कुत्रे माग काढत जमीन हुंगत फिरते, अशी आपली कल्पना असते. इथली बरीच कुत्री वाऱ्यावर येणारा माणसाचा वास घेतात, म्हणून त्यांना वाऱ्याच्या समोरून नेतात आणि अंधार त्यांना आड येत नाही. मेंढ्यांच्या मागे लागणार नाही याची परीक्षा दिल्याशिवाय कुत्र्याला पथकात घेत नाहीत. त्यांच्या सरावासाठी तासन् तास झुडपांत पडून राहणारे वेगळे स्वयंसेवक असतात, आणि मला ते काम आमच्या कामापेक्षा कठीण वाटते. तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरला उष्णता टिपणारा कॅमेरा असतो, पण ढग खाली उतरले किंवा दाट झाडी आली की त्याचा इलाज चालत नाही.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी मुख्यतः हे उत्तर लिहायला घेतले. दुरून हे डोंगर बोडके दिसतात आणि वाटते की पन्नास माणसे ओळीने चालली तर काय लपणार आहे. प्रत्यक्षात हेदरची झुडपे गुडघ्यापर्यंत येतात, पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या, काळ्या दलदलीत पाण्याने कोरलेले चर माणूसभर खोल असतात, आणि लावणीच्या स्प्रूस वृक्षांच्या रानात तर पाच पावलांपलीकडे विजेरीचा उजेड पोहोचत नाही. पथकात पहिल्याच वर्षी एका सरावात, हरवलेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या सहकाऱ्याच्या आठ पावलांवरून मी चालत गेलो आणि मला तो दिसला नाही. त्याचे जाकीट करडे होते. त्याने माझी पावले ऐकली, मला खोकतानाही ऐकले, पण सरावाच्या नियमाप्रमाणे तो गप्प राहिला. तळावर येऊन मी मात्र ‘तो पट्टा मोकळा आहे’ असे ठामपणे सांगितले. प्रमुखांनी रागावण्याऐवजी विचारले, “शंभरातले किती?” तेव्हा मला तो प्रश्नच कळला नव्हता.

त्या प्रश्नाचा अर्थ असा. शोधाचा प्रदेश पट्ट्यांत विभागतात आणि माणूस प्रत्येक पट्ट्यात असण्याची शक्यता टक्क्यांत मांडतात. समजा, एका पट्ट्याला 40 टक्के दिले, आणि तो असता तर आम्हाला 70 टक्के वेळा सापडला असता अशा बारकाईने आम्ही तो पाहिला, पण कोणी सापडले नाही. मग त्या पट्ट्याची शक्यता शून्य होत नाही. ती साधारण 17 टक्क्यांवर येते आणि उरलेल्या पट्ट्यांची तेवढ्या प्रमाणात वाढते. पुढची तुकडी कुठे पाठवायची हे या आकड्यांवरून ठरते. मी 70 च्या जागी शंभर म्हटले, तर हरवलेला माणूस ज्या पट्ट्यात पडला आहे तोच पट्टा कागदावरून पुसला जातो आणि तिथे पुन्हा कोणी जात नाही. म्हणून दोन माणसांतले अंतरसुद्धा मोजून ठरवतात: एखादी पिशवी जमिनीवर ठेवायची, ती दिसेनाशी होईपर्यंत मागे जायचे आणि त्या अंतराच्या दुपटीने उभे राहायचे. ओळ धरून नाकासमोर चालणेही चुकीचे मानतात. प्रत्येकाने आपल्या पट्ट्यात मुद्दाम भटकायचे, दगडामागे वाकून पाहायचे, आणि वळून मागेही पाहायचे. थंडीने पार गारठलेला माणूस कधी कधी भ्रमात कपडे काढून टाकतो आणि एखाद्या कपारीत सरपटत शिरतो, त्यामुळे टाकलेले जाकीट सापडले की आसपासची प्रत्येक फट तपासावी लागते.

हौसेने आलेली, नोंद नसलेली शंभर माणसे या हिशेबात बसत नाहीत. त्यांनी कुठे काय पाहिले ते सांगता येत नाही, त्यांच्या बुटांचे ठसे आणि वास सगळीकडे पसरतात, आणि संध्याकाळी त्यांच्यातलेच दोन जण परत आलेले नसतात. मी सह्याद्रीत भटकलो तेव्हा वाट चुकल्यास मध्यावरच्या वाडीतला एखादा धनगर येऊन नाळेने खाली उतरवत असे. तिथले बचावकार्यही अशा स्थानिक माणसांच्या आधारावर चालते, आणि म्हणूनच ‘गावकऱ्यांना का बोलावत नाहीत’ हा आपला प्रश्न स्वाभाविक आहे. इथे अनेक खोऱ्यांतली वस्ती अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत जमीनदारांनी मेंढ्यांसाठी उठवली, घरांचे नुसते चौथरे उरले, आणि डोंगराच्या पोटात वाट सांगणारा गावकरी राहिलाच नाही. जे थोडे मेंढपाळ आणि रानराखे आहेत, त्यांचा शब्द पथकात फार मानतात. इतरांना खरी मदत करायची असेल तर त्या दिवशी काढलेली छायाचित्रे पोलिसांना द्यावीत, आपल्या कोठारात आणि गोठ्यात डोकावून पाहावे, आणि त्याच वाटेने गेले असल्यास तो दिसला नसला तरी तसे कळवावे.

किती दिवस, हे पोलीस पथकांशी बोलून ठरवतात. पहिली रात्र आणि पुढचे दोन-तीन दिवस शेजारच्या पथकांसह सगळे उतरतात. मग हवामान, माणसाजवळचे कपडे आणि पाहून झालेले पट्टे यांचा विचार करून शोध कमी केला जातो. बातम्यांत तेव्हा ‘शोध थांबला’ असे छापून येते, पण घरच्यांना वेगळे सांगितलेले असते. केर्नगॉर्ममधल्या घळींत हिवाळ्यातले बर्फ मे-जूनपर्यंत टिकते, आणि ते जसे मागे सरते तसे नवे काही उघडे पडू शकते. गेल्या मे महिन्यात आमचा एक सराव अशाच एका डोंगरखळग्यात झाला. वेळापत्रकात त्यापुढे ‘नकाशावाचन’ असे लिहिले होते. हिवाळ्यातल्या नकाशावर ज्या दोन पट्ट्यांत बारकाईने पाहिल्याचे आमचे आकडे सर्वांत कमी होते, त्यांतून आम्ही चौदा जण दिवसभर चाललो, आणि संध्याकाळी प्रमुखांनी त्या दोन पट्ट्यांचे आकडे बदलून लिहिले.