जुनी पाईप तंबाखू पहिल्यांदा चाखताना

सुरुवात व्हर्जिनिया फ्लेकनेच करा, म्हणजे दाबून चकत्या कापलेल्या व्हर्जिनिया तंबाखूने. मुरल्यावर खरी गोडी तिलाच येते. लटाकियाचा, म्हणजे धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा, धुरकटपणा उलट वर्षांगणिक मावळतो. डब्याला गंजून छिद्र पडलं असेल तर आत बहुधा कोरडा चुराच निघणार. चकत्यांवर चमचमणारे पांढरे कण दिसले तर घाबरू नका, ते स्फटिक असतात. कापसासारखी लव आणि कुबट वास म्हणजे मात्र बुरशी. अख्खा डबा फेका, हळहळ नको. चकती बोटांनी मोकळी करून अर्धा तास कागदावर पसरा. ओलसरच भरलीत तर वाफ धरते, पाईप गुरगुरतो आणि जीभ पोळते. लटाकिया ओढलेला पाईप घेऊ नका, त्याचा वास सगळं झाकून टाकतो. झुरके लहान, सावकाश. धूर छातीत ओढायचा नाही. विझला तर खुशाल पुन्हा पेटवा.