वाचकांचे प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेतील मोटार-मासिके

प्रश्न : आमच्या आजोबांचे मुंबई-आग्रा रस्त्यावर मोटारदुरुस्तीचे गॅरेज होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पन्नास-साठच्या दशकांतील ‘ऑटोकार’ आणि ‘मोटर स्पोर्ट’चे अंक, मॉरिस गाडीचे हस्तपुस्तक आणि सुट्या भागांची बिले निघाली. कागद पिवळा पडला आहे, कडा मोडतात. कोणी लॅमिनेशन सुचवतो, कोणी बाइंडिंग. काय करावे? – एक वाचक, धुळे

उत्तर : दोन्ही करू नये. लॅमिनेशन एकदा केले की कागदाला इजा न करता ते काढता येत नाही, आणि आतल्या कागदाचे जीर्ण होणे तर चालूच राहते. बाइंडर कडा सारख्या करण्यासाठी कापतो आणि पुष्कळदा मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने काढून टाकतो. जुन्या अंकांत आज सर्वाधिक माहिती असते ती नेमकी त्या जाहिरातींत : गाड्यांच्या किमती, टायर-बॅटऱ्यांचे प्रकार, विक्रेत्यांचे पत्ते.

सर्वांत आधी ट्रंकेतील सामानाची वर्गवारी करावी. ‘ऑटोकार’ हे ब्रिटिश साप्ताहिक १८९५ पासून निघत आहे आणि ‘मोटर स्पोर्ट’ १९२४ पासून. त्यांचे अंक परदेशांतील ग्रंथालयांत आणि संग्राहकांकडे जपलेले आहेत. आजोबांच्या गॅरेजची बिले, हस्तपुस्तकाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलेली मापे, कार्बुरेटरच्या आकृतीवर उमटलेला तेलकट अंगठा हे मात्र जगात एकाच ठिकाणी आहे. म्हणून पहिली काळजी बिलांची आणि हस्तपुस्तकाची घ्यावी, मासिकांची नंतर. तेलाचा डाग काढण्याच्या फंदात पडू नये. त्या पानाच्या दोन्ही बाजूंना आम्लरहित कागद ठेवला की डाग शेजारच्या पानांत उतरत नाही. पेन्सिलीचे अक्षर खोडरबराच्या जवळही जाऊ देऊ नये.

कागद पिवळा का पडतो, हे समजले की पुढचे उपाय पटतात. स्वस्त कागद लाकडाच्या लगद्यापासून बनतो. त्यातील लिग्निन हे लाकडातलेच द्रव्य हवेने आणि उजेडाने काळवंडते, आणि कागद बनवताना वापरलेल्या तुरटीसारख्या द्रव्यांमुळे त्यात आम्ल तयार होऊन धागे तुटू लागतात. ही क्रिया उष्णतेने वेग घेते. तापमान दहा अंशांनी वाढले की ती ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वेगाने होते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या ट्रंकेची तर भट्टी होते. त्यात आपल्याकडचा कूलर. बाहेरची हवा कोरडी ठणठणीत आणि कूलरच्या खोलीत दमट गारवा, असा चढउतार रोज झाला की कागद रोज फुगतो आणि रोज आक्रसतो. पावसाळ्याच्या ओलीची धास्ती सगळेच घेतात. उन्हाळ्यातील कूलरकडे मात्र संग्राहकांचेही लक्ष जात नाही, आणि माझ्या मते आपल्या भागात तो तितकाच घातक आहे.

म्हणून ट्रंक माळ्यावरून उतरवून घराच्या मधल्या खोलीत, कूलरपासून दूर, भिंतीला न टेकवता लाकडी पाटावर ठेवावी. अंक उन्हात वाळवू नयेत. सावलीत, पंख्याचा झोत थेट न घेता, दसरा-दिवाळीच्या कोरड्या दिवसांत उघडून ठेवावेत. गंजलेल्या पिना ओढून काढू नयेत. मधले पान उघडून पिनेचे पाय बोथट पात्याने हलकेच उभे करावेत, पिन बाहेरच्या बाजूने सोडवावी आणि त्याच छिद्रांतून पांढऱ्या सुती दोऱ्याचा सैल टाका घालावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात, पॉलिएस्टरच्या चालतील. धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळाने आणि समर्थ वाग्देवता मंदिराने जुने कागद आणि हस्तलिखिते जपली आहेत. गॅरेजच्या बिलालाही तीच आस्था मिळावी असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे पोथ्या कापडात बांधून ठेवत, तसे धुऊन खळ काढलेल्या बिनरंगी मांजरपाटात अंक गुंडाळावेत. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नयेत.

प्रश्न : माझ्याकडे मोटारींची काही माहितीपत्रके आहेत, पण त्यांवर साल छापलेले नाही. काळ कसा ठरवावा? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : किंमत आणि पत्ता आधी वाचावा. किंमत रुपये-आण्यांत असेल तर पत्रक बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचे असते. ‘नये पैसे’ हा उल्लेख त्या दिवसापासूनचा असून जून १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द वगळला गेला. पत्त्यात सहा अंकी पिनकोड असेल तर पत्रक १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचे असू शकत नाही. ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असा जिल्हा लिहिला असेल तर ते साधारण १९६० पर्यंतचे समजावे. मात्र विक्रेते जुना छापील साठा संपेपर्यंत वापरत, त्यामुळे जुन्या खुणेपेक्षा नव्या खुणेवर अधिक भरवसा ठेवावा : पिनकोड खोटे बोलत नाही, जिल्ह्याचे जुने नाव मात्र काही वर्षे रेंगाळू शकते. मॉडेलही मदतीला येते. हिंदुस्थान मोटर्सची लँडमास्टर अॅम्बॅसेडरच्या आधीची. आपण जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतो ती पन्नासच्या दशकातील, तर ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव सत्तरच्या दशकात आले. ठरवलेला काळ पत्रकावर न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर, कारणासह, पेन्सिलीने लिहून सोबत ठेवावा.

प्रश्न : भंगारवाल्याकडून ‘बर्मा शेल’चा इनॅमलचा बोर्ड घेतला. पेंटर नवा रंग देतो म्हणतो. द्यावा का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : मुळीच देऊ नये; रंगवलेला बोर्ड संग्राहकाच्या लेखी बोर्डच राहत नाही. आधी तो अस्सल आहे का ते पाहावे. इनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर वितळवून बसवलेली काच. दोन रंगांच्या सीमेवरून बोट फिरवले की बारीक उंचवटा जाणवतो, आणि टवका उडालेल्या जागी पत्र्यालगत गडद रंगाचा अस्तराचा थर दिसतो. बर्मा शेलचे राष्ट्रीयीकरण १९७६ मध्ये झाले आणि पुढे तिची भारत पेट्रोलियम झाली, तेव्हा अस्सल बोर्ड त्याआधीचा असणार. मऊ फडके सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून बोर्ड पुसावा आणि लगेच कोरडा करावा. सुटा गंज लाकडी काडीने काढावा, तारेचा ब्रश आणि आम्ल टाळावे, आणि उघड्या पत्र्यावर बिनरंगी मेणाचा पातळ हात द्यावा. भिंतीवर टांगताना जुन्याच छिद्रांचा उपयोग करावा आणि स्क्रूखाली रबराचा किंवा चामड्याचा वॉशर घालावा, म्हणजे आवळताना काच तडकत नाही.